सांडपान्याच्या घागरी

त्या साली माह्या पोट्टीले दात येऊन राह्यले होते अन विहिरीचं पानी बी तळाले लागलं होतं, दोनी एकाच वक्ती, म्हनून ते साल मले याद हाय. पोट्टी दिवसभर किरकिर करे, अंग कढत लागे, अन मी तिले कडेवर घेऊन पान्याच्या रांगेत उभी राहाची, एका हातात पान्याची पितळी गुंडी, डोक्यावरचा पदर सारखा घसरे, तो सावरू का पोट्टीले सावरू का गुंडीले. पाय असे दुखत का घरी आल्यावर उंबरठ्यावरच बसून जाची, आत जाचं बी होत नसे.

आमची वस्ती नालवाडीच्या पलीकडे, सेलूकडे जानाऱ्या सडकेच्या अंगाले. घरं थोडकी. मधून एक नाला जाते. नाल्याच्या अलीकडे आमी अन कास्तकारायची घरं, पलीकडे बौद्धायचा मोहल्ला. त्यायची विहीर वेगळी, आमची वेगळी. पाऊस आलाच नाई म्हना, आला तो धूळ भिजवून गेला, अन होळीच्या आधीच दोनी विहिरी अशा झाल्या का बादली टाकली तं आधी दगडाचा आवाज येये, मंग पान्याचा.

आमी कुंभार. माहेरी बी कुंभारच. मी सहावीपर्यंत शाळेत गेली, सहावीत नापास झाली अन मंग लगनच झालं. सासू माह्या लगनाच्या आधीच गेली होती. घरात मामाजी, म्हनजे माहे सासरे, हे, मी अन पोट्टी. चाकावर मामाजी बसत. हे पह्यले मदत करत, पन त्या साली सडकेच्या कामावर गिट्टी फोडाले जात, कारन तिथं रोजी भेटे.

आता मातीले पानी लागते. हे लोकायले मालूम नाई असं नाई. पन चांगल्या साली कोन पाह्यते कुंभाराची सून किती गुंड्या नेते ते? त्या साली सारे पाह्यत. विहिरीले लागून एका काकीचं घर होतं. बुढी, विधवा, तिचा बुढा दिवाळीच्या सुमाराले गेला होता. नंबर तीच लावे. काठी घेऊन विहिरीच्या काठावर बसे.

एक दिवस मी एक गुंडी घरी ठेवून पुन्हा रांगेत येऊन उभी राह्यली.

काकी म्हने, "का वो कुंभारनी, दुसरी गुंडी कायले?"

मी म्हनलं, "काकी, मामाजीले माती भिजवाची हाय. अखजी आली ना जवळ."

"लोकायच्या लेकरायले घोटभर पानी नाई अन तुमी मातीले पाजता?"

मागून कोनीतरी म्हनलं, "पाजून पाजून मातीले गाभन करतीन हे." अन साऱ्या हासल्या. मी बी हासल्यासारखं केलं. मले काई बोलताच येत नाई लोकायसमोर, जीभ चिकटून जाते. गुंडी रिकामीच घेऊन परत फिरली. मले वाटलं काकी काठी मारते का काय मागून, म्हनून मी असी भरभर चालली का पोट्टीचं टोपडं पडलं ते बी उचललं नाई.

घरी येऊन मामाजीले सांगतलं. ते उठले, चाक खुट्यावरून काढलं अन भिताडाले टेकवून ठेवलं, जसं कोनी पावनं गेल्यावर खाट उभी करते तसं. मंग बिडी पेटवली. मले ते चाक पाहून असं भेव वाटलं का त्यापेक्षा काकीची काठी बरी होती.

भेव कायचं ते सांगते. अखजीले, म्हनजे अक्षयतृतीयेले, आमच्याकडे घरोघरी पितरायच्या नावानं नवी घागर भरतात. मातीचीच पायजे, अन नवीच पायजे. त्या घागरीचे दाने साऱ्या घरून कुंभाराले येतात, अन आमचा उन्हाळा त्याच्यावर निघते. घागरी नाई तं दाने नाई. अन दाने नाई तं मंग काय, ते संध्याकाळी ह्यायनं सांगतलं. कामावर विटभट्टीचा मुकादम आला होता. पावसाच्या आधी विटा पाडाची घाई होती त्याले, नागपूरकडे, जोडी पायजे होती, नवरा-बायको.

हे म्हने, "अखजी झाली का जाऊ. तू विटा थापजो, मी भट्टी भरीन. बुढा राह्यते घरी."

मी म्हनलं, "अन पोट्टी?"

"पोट्टी आपल्यासंग. तिले का इथं टांगून ठेवतं?"

माह्या मोठ्या बहिनीचं लेकरू विटभट्टीवर गेलं. बाकी काई नाई झालं होतं त्याले. तट्ट्याच्या सावलीत निजवलं होतं अन ताई विटा थापून राह्यली होती. दुपारची झळ सुटली. ताई पाजाले गेली तं ते उठेच ना. तिले मंग दुसरं झालं, पन ताई अजून बी लेकराले सावलीत खाली ठेवत नाई, अंगालेच बांधून ठेवते, सैपाक करतानी बी. मी हे ह्यायले सांगतलं. त्यायले मालूमच होतं. ते म्हने, "सारेच लेकरं थोडे मरतात?" तसं म्हनाले म्हनले, पन मंग त्यायनं बी ताट सरकवून देल्लं.

मी म्हनलं, "अखजीच्या घागरी झाल्या तं? दाने आले तं नाई जाचं ना?"

"पान्याबिगर घागर? थुकीनं घडवतं का?"

"झाल्या तं म्हनते मी."

"झाल्या अन दाने आले तं पाहू."

एवढंच म्हनले. मी तेवढ्यालेच धरून बसली.

पोट्टीच्या दातासाठी दाईमाय आली. ती नाल्यापलीकडची, बौद्ध मोहल्ल्यातली. पोट्टी तिच्याच हातावर झाली होती. तिनं पोट्टीच्या हिरड्या चोळल्या, पोट्टीनं तिचं बोट चावलं, अन मी तिथंच रडू लागली. कशाचं रडू तेबी नीट सांगता येईना, पानी म्हनो, माती म्हनो, ताईचं लेकरू म्हनो, सारं एकात एक.

दाईमाय म्हने, "चांगलं पानी कायले मागतं वो पोरी? खराब माग. खराब पान्याले कोन नाई म्हनीन?"

"म्हनजे?"

"अंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं. सांडपानी. तुह्या मातीले का तहान लागते गोड्या पान्याची? अन आमच्या मोहल्ल्यातून सुरू कर. आमी काई अखजी करत नाई, आमाले पितरायले घागर नाई पायजे, पन आमाले प्याले तं पायजे ना? माहा माठ चार ठिकानी गळते."

मी मामाजीले विचारलं. ते बिडीकडे पाह्यत म्हनले, "माती नाई विचारत पानी कोनं अंगावर घेतलं ते. पन तू मागशीन घरोघर?"

मागाचं म्हनजे माह्यासाठी मरन. लोक भाकरी मागतात, ताक मागतात, मी दुसऱ्याच्या न्हानीचं पानी मागाले गेली. पह्यल्या घरी तं दाराशी उभी राहून तोंडच उघडेना. ती बाई म्हने, "काय पायजे वो? पीठ? पीठ नाई." मी म्हनलं, "पीठ नाई, तुमच्या अंघोळीचं पानी." ती माह्याकडे पाह्यतच राह्यली. मंग आत ओरडून सासूले म्हने, "आत्याबाई, कुंभारीन आपल्या अंघोळीचं पानी मागून राह्यली, देऊ का?" आतून सासू म्हने, "दे बाप्पा, अंघोळ कोनं केली हाय पन आठ दिवसात?"

नाल्याच्या दोनी अंगाले फिरली. दोन-चार दिवसात बायायले सवय झाली. जुन्या डब्यात, फुटक्या घमेल्यात ठेवून देत माह्यासाठी. एक जन म्हने, "माह्या नवऱ्याचं पानी घेतं खरं, पन पाह्यजो, तुही घागर घोरीन रातभर." मी ते डबे डोक्यावर घेऊन याची, पोट्टी पाठीवर, अंगावर सारं सांडपानी सांडे, माशा बसत, अन मले आपल्याच अंगाची शिसारी येये. पन माती भिजली.

एका खेपेले माती हाताले लागेचना. हात लावला का पसरून जाये, खीर झाल्यासारखी. मामाजीनं थोडीशी बोटावर घेऊन जिभेले लावली अन थुकले.

"सोडा पडला हाय यात. कोनाचं तरी धुन्याचं पानी हाय. फेका हे सारं."

तेवढी माती गेली. अंगनात तिच्याकडे पाह्यत मी पोट्टीले मांडीवर घेऊन बसून राह्यली. मंग पुन्हा सारे दारं फिरली, हात जोडून, का बाई धुन्याचं नका देऊ, सोड्याचं नका देऊ. कोनी कबूल झालं नाई आपलं होतं म्हनून. पन त्या दिवसापासून बाया एकमेकीले विचारत, "तुहं धुन्याचं का न्हानीचं?" पान्याच्या भांडनापाई ज्यायचं बोलनं बंद झालं होतं त्या बी विचारत, कारन आता डबे साऱ्यायनं आमच्याच ओट्यावर आनून ठेवाचे होते.

अन आता चाकावर बसाचं म्हनलं तं मामाजीची कंबर धरली. मातीचा गोळा उचलाले वाकले अन तसेच राह्यले, वाकलेलेच. मी अन दाईमायनं धरून खाटेवर निजवलं. त्यायले कूसबी बदलता येईना. ह्यायनं पाह्यलं अन म्हनले, "झालं. बांध गठुडं."

आमच्यात बाई चाकाले हात लावत नाई. कोनं सांगतलं मले मालूम नाई. माह्या मायनं नाई लावला, आजीनं नाई लावला. माती तुडवाची, राख चाळाची, थापी मारून मडकं मोठं कराचं, रंग लावाचा, हे सारं बाईचं, पन चाक नाई. तरी मी मामाजीजवळ गेली. उभी राह्यली. ते समजले.

म्हनले, "चाक नाई पोरी."

"मंग मामाजी, घागरी?"

ते भिताडाकडे तोंड करून निजले होते. मंग म्हनले, "चाक नाई म्हनलं. हात नाई म्हनलं का मी?"

माही माय धान्याचे डेरे हातानंच करे. जुनं मडकं पालथं घालाचं, त्याच्यावर राख भुरभुराची, मातीची पोळी थापून वरून बसवाची, अन जरा वाळली का टोपड्यासारखी काढून घ्याची. ते झालं बूड. वरचं अंग मातीच्या वळ्या एकावर एक ठेवून, आतून गोटा धरून बाहेरून थापीनं ठोकाचं. मी लहानपनी पाह्यलं होतं, केलं नव्हतं कधी. माही पह्यली घागर काढतानी फाटली. दुसरी फाटली. तिसरी राह्यली, पन तिचं एक अंग असं बसलं का जसं कोनी थापड मारली हाय.

तेवढ्यात एक बाई पान्याचा डबा ठेवाले आली, तीच, घोरनाऱ्या नवऱ्याची. उभी राहून पाह्यली.

"हे घागर हाय?"

"हो."

"माहं पानी घेऊन हे केलं तू?"

मले रडू आलं. ती म्हने, "सरक. मी कुरडया, पापड, मुटके सारं करते, मले हे नाई जमत का?" अन बसली. तिची बी वाकडीच झाली. पन ती अशी खूश झाली का दुसऱ्या दिवशी जावेले घेऊन आली, का पाह्य माही घागर.

असंच झालं ते. मी कोनाले बलावलं नाई. एकीमागं एक आली. सकाळचं काम उरकून, ऊन चढाच्या आधी, कडुनिंबाखाली. घरी कराले होतं तरी काय, शेतं रिकामी, मानसं सडकेवर. आपापलं फुटकं मडकं घेऊन येत बूड काढाले. नाल्यापलीकडच्या एका अंगाले बसत, अलीकडच्या दुसऱ्या अंगाले, मधात मातीचा ढीग. पन माती घ्याले हात तं तिथंच घालाव लागे, अन थापी दोनच होत्या घरात, त्या इकडून तिकडे फिरत. "आवो थापी द्या ना, का तुमच्या लगनात आली हाय ती?" असं चाले. बोलनं तेवढ्यानंच सुरू झालं. मंग कोनाच्या घरी काय शिजलं, कोनाची गाय बाजारात गेली, कोनाचा मानूस सडकेवर चक्कर येऊन पडला, ते सारं. एक जन सांगता सांगता रडे, दुसरी म्हने, "रड पन माती सोडू नको, वाळून जाईन."

वाकड्या घागरी म्हनून का काय, बाया नक्षी कराले लागल्या. एकीनं बांगडी दाबून गोल गोल काढले. एकीनं फनीचे दात ओढले. एका बुढीनं आपल्या हातावरचं गोंदन पाहून पाहून तसंच्या तसं घागरीवर काडीनं काढलं, तुळस अन विंचू. आपलीच वळखू आली पायजे, भट्टीत बदलली नाई पायजे. मामाजीच्या चाकावरच्या घागरी साऱ्या सारख्या, त्यायच्यावर कोनी हात फिरवत नसे. ह्या घागरीवर बाया जाता-येता हात फिरवत.

मी मातर दमून गेली होती. माती मीच तुडवाची, बायायचं फाटलेलं मीच सांधाचं, पोट्टी एका मांडीवर. अंगात दूध राह्यलं नाई म्हनून ती चिडे. अन डोक्यात एकच, अखजी, अखजी. ह्यायनं एक दिवस अंगनातल्या घागरी पाह्यल्या अन असे हासले का मले ते रागापेक्षा वाईट लागलं.

"साऱ्या वस्तीले कुंभार करून ठेवलं तू. आता ज्यायनं आपली घागर आपनच केली ते आपल्याले दाने काऊन देतीन?"

माह्या हातातली माती गळून पडली. खरंच. मी याचा विचारच केला नव्हता. मी घागरी व्हाव्या म्हनून मेली, अन दान्याचं तं गेलंच ना ते. कोनाले तोंड उघडून विचारू? मी कोनाले सांगतलंबी नाई विटभट्टीचं, दाईमायले सोडून. आता थांबाचं बी नव्हतं. बाया येतच होत्या.

साऱ्यात शेवटी काकी आली. काठी टेकत. तिनं उभ्या उभ्याच पाह्यलं.

"मले नाई जमत हे असलं," तिनं आपल्यापनंच सांगतलं, कोनी विचारलं नव्हतं.

दाईमाय म्हने, "बसा तं खरं. काठी ठेवा बाजूले, थापी घ्या, तुमाले ठोकाची सवयच हाय."

मले वाटलं आता होते भांडन. काकीनं तिच्याकडे पाह्यलं, अन बसली. तिच्या बुढ्याची ती पह्यलीच अखजी. घागर तिच्यासाठी साऱ्यात जास्त पायजे होती, अन मागाले ती माह्या दारी येऊ शकत नव्हती, हे मले तवा समजलं. घागर तिची चांगली झाली, माह्यापेक्षा बरी. मंग तिनं पदराची गाठ सोडली, जवारीचे दाने काढले, अन गळ्याभोवती अन पोटावर एक एक दाना अंगठ्यानं दाबून बसवला. म्हने, "बुढ्याले दुसरं काई रुचे नाई. जवारीच पायजे." अशी सुंदर दिसली ती घागर, ओल्या मातीत पांढरे दाने. साऱ्या म्हनल्या बापा, काय दिसते. मी बी म्हनली. आमच्या घरी कधी कोनी मातीत दाना दाबला नव्हता, मले काय मालूम. मामाजी आत निजून होते.

आवा सकाळीच लावला, म्हनजे मडके भाजाचा ढीग. मामाजीची खाट अंगनात आनून ठेवली, ते तिथून हातानं दाखवत. गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या ज्याच्या घरी जे होतं ते आलं. पलीकडच्या मोहल्ल्यातून गवताचा भारा आला. आग लागली अन जरा वेळानं आतून फट्ट करून आवाज आला. साऱ्या बाया एकमेकीकडे पाह्यल्या. पुन्हा फट्ट. एक म्हने, "तुही." दुसरी म्हने, "तुहीच असन, घाईची सवय तुले." मले हासू येईना. प्रत्येक आवाजाले मी दचके, अन पोट्टी बी माह्यासंग दचके.

काढल्या तवा काई फुटल्या होत्या, काई काळ्या पडल्या होत्या, पन बऱ्याच राह्यल्या. जिची फुटली ती रडली, तं बांगडीची नक्षी काढनाऱ्या बांगडीवालीनं दोन केल्या होत्या, तिनं एक तिले देल्ली. दाईमायचा माठ लाल भडक निघाला. काकीची घागर साबूत होती. फकस्त दान्याच्या जागी काळे काळे खड्डे पडले होते, तोंडावर देवीचे वन असतात तसे. काकीनं ती पदरात घेतली अन गेली.

अखजीच्या सकाळी काकीनं बलावनं धाडलं. लवकर ये म्हनून. मी पोट्टीले घेतलं अन गेली. ओसरीत पाटावर घागर होती, वर कैरी, समोर पत्रावळी मांडली होती. अन घागर गळून राह्यली होती. एकीकडून नाई, चारी अंगानं. दाने आवात जळून गेले होते अन त्यायच्या जागी भोकं राह्यले होते, त्यातून बारीक बारीक धारा. सारवलेली जमीन ओली, पत्रावळी ओली. शेजारच्या दोघी-तिघी उभ्या होत्या. त्या साली सांडलेलं पानी म्हनजे काय असते ते कोनाले सांगाव लागत नव्हतं.

मी म्हनलं, "काकी, ते दाने... आगीत... मले मालूम नव्हतं वो काकी." मले वाटलं आता ती म्हनते, कुंभारनीनं माह्या बुढ्याले तहानलेलं ठेवलं, अन मंग विहीर बंद अन सारंच बंद.

काकी त्या घागरीकडे पाह्यत होती. तिनं पाटाखालून आलेला ओहोळ पाह्यला. म्हने,

"जिवंत होता तवाबी असाच. जथी बसला तथी ओलं करे."

मंग बांगडीवालीच्या तोंडातून फुस्स करून निघालं, अन मंग काय, काकीच आधी हासली, तिले हासता हासता ठसका लागला, डोळे पुसे अन हासे. बांगडीवाली धावत जाऊन आपली घागर घेऊन आली. काकीच्या घागरीतलं राह्यलेलं पानी तिनं आपल्या घागरीत ओतलं.

"राहू द्या काकाजीले माह्या सासऱ्याजवळ. बिड्या मागतीन एकमेकाले बसून."

"तुह्या सासऱ्याले सांगजो, उसनवारी बुडवते हा मानूस," काकी म्हने.

मंग काकीनं माह्याकडे पाह्यलं. म्हने, "तू काऊन थरथरून राह्यली? अन तुमच्या घरी काय शिजलं आज?"

मी म्हनलं, काई नाई. अन मंग माहं तोंड उघडलं ते बंदच होईना. विटभट्टी, मुकादम, ताईचं लेकरू, तट्ट्याची सावली, दाने, सारं एका दमात, मधात श्वास बी घेतला नाई मी. पोट्टी माह्या तोंडाकडे पाह्यत होती.

काकी ओरडली माह्यावर. "अन हे आत्ता सांगतं? मुकी हाय का तू? आमी घागर केली म्हनून दाने बंद होतात का? बलुतं घागरीचं असते का कुंभाराचं?"

त्या दिवशी घरोघरून शिधा आला. जवारी, तुरीची डाळ, कोनी गुळाचा खडा, कोनी नुसतीच चिंच. दुष्काळाचा शिधा तो, ओंजळ बी नीट भरत नसे. पलीकडून दाईमाय माठाचे म्हनून जवारीच घेऊन आली. मी सारं सुपात ठेवलं अन संध्याकाळची वाट पाह्यली.

ह्यायनं आल्यावर सुपाकडे पाह्यलं. हात घालून पाह्यलं. बसले. मले माहीत होतं काय म्हनतीन, कारन मी बी पाह्यलं होतं.

"पावसापर्यंत नाई पुरत. चौघायले नाई."

मी सूप उचलून कोपऱ्यात ठेवलं. खरंच पुरत नव्हतं.

सकाळी मुकादमाचा ट्रक सडकेवर यायचा होता. त्याच्या आधीच काकी काठी टेकत आमच्या दारात आली, कडुनिंबाच्या पुढं यायची तिची पह्यलीच खेप.

ह्यायले म्हने, "तू जा. बायको अन लेकरू इथं राह्यतीन. तेवढे दाने ह्या तिघायले पुरतात, नाई पुरले तं आमी हाओत."

हे म्हने, "काकी, मुकादमाले जोडी पायजे."

"तं मंग मुकादम अन तू जोडी करा."

खाटेवरून मामाजी हासले, कंबर धरून, आई गं म्हनत. हे हासले नाई. मान खाली घालून बसले. मंग उठले अन गठुडं बांधलं, एकट्याचं. जोडी नाई म्हनून मुकादमानं विटा पाडाचं काम नाई देल्लं, ट्रक भराचं देल्लं, ते जास्त जड. ट्रकवर चढतानी त्यायनं पोट्टीच्या डोक्याले हात लावला अन मले म्हनले, "सावलीत ठेवजो." मंग ताईचं आठवलं असन, म्हनले, "नाई, जवळच ठेवजो."

ट्रक गेला. धूळ खाली बसली तरी मी उभीच होती. मले वाटत होतं आता भेव जाईन, पन ते गेलं नाई, पोट्टीचं होतं ते त्यायच्यावर गेलं, ऊन, भट्टी, वाकलेली पाठ. काकीनं मले धरून आपल्या ओसरीत नेलं. म्हने, "बस जराशी." तिनं पोट्टी माह्या मांडीवरून काढून घेतली, मी देल्ली. बांगडीवाली आली, दाईमाय आली. निवडाले जवारी घेऊन बसल्या. कोनाच्या तरी घरची गोष्ट सुरू होती, कोनी कोनाले चिडवून राह्यलं होतं, मले नीट आयकू येईना. पोट्टी काकीच्या मांडीवर तिची काठी चावत होती. मी भिताडाले डोकं टेकवलं. दिवसाढवळ्या, लोकायच्या ओसरीत, भरल्या बायायसमोर निजून गेली मी. कोनी उठवलं नाई.